लायब्ररी आहे, पण कुठली?

रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, लायब्ररी तिथेच आहे, मी डोळ्यांनी बघतेय. मग हा असं का करतो?"

हवामानाच्या मॉडेलवर पीएचडी करणारी ही मुलगी दोन दिवस क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, नेटसीडीएफ ही निकाल फाइलमध्ये लिहिणारी कोडची लायब्ररी बिल्ड करत होती, म्हणजे मूळ कोडपासून तयार करत होती. बिल्ड झालं होतं. टेस्टसुद्धा पास झाल्या होत्या. पण क्लस्टरवर चालवायचं काम, म्हणजे जॉब, टाकला की प्रोग्राम सुरू होता होताच मरायचा, आणि लॉगमध्ये एक लांबलचक इशारा उमटायचा: ज्या हेडर फाइल घेऊन हे कंपाइल केलंय त्या आणि आत्ता सापडलेली एचडीएफ५ (नेटसीडीएफला लागणारी दुसरी) लायब्ररी एकमेकींशी जुळत नाहीत, असंच पुढे गेलात तर डेटा बिघडू शकतो. खाली दोन आकडे. हेडर १.१०.६, लायब्ररी १.१०.४. आणि अगदी शेवटी एकच शब्द, "बाय". एचडीएफ५ खरोखर असा निरोप घेऊन जाते. रात्री साडेदहाला तो फारसा गोड वाटत नाही.

तिचं वाक्य मी या कामात असंख्य वेळा ऐकलंय आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही म्हटलंय. लायब्ररी तिथेच आहे. असतेच. पण "आहे का?" हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं असतं ते "कुठली?" आणि त्याच्या जोडीला "कोणत्या वेळी?"

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने करून ठेवलेलं तयार काम. मॉडेलला निकाल फाइलमध्ये लिहायचे असतात, ते काम ते नेटसीडीएफला सांगतं. नेटसीडीएफ-४ या प्रकारची फाइल असेल तर नेटसीडीएफ प्रत्यक्ष लिहिण्याचं काम एचडीएफ५ कडे सोपवते. एचडीएफ५ डेटा दाबून लहान करण्यासाठी झेडलिबला बोलावते. मॉडेल एकाच वेळी शेकडो प्रोसेसरांवर पळवायचं तर एमपीआय हवं, मॅट्रिक्सची आकडेमोड असेल तर ब्लास आणि लापॅक. अशी दहा-पंधरा पानांची पंगत बसते. बरं, प्रत्येक पानावर एकच जण असता तर भांडणाचं कारण नव्हतं. पण एकाच मशीनवर एकाच लायब्ररीच्या तीन-चार प्रती असतात. एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेली, एक क्लस्टरच्या प्रशासकाने बसवलेली, एक अ‍ॅनाकोंडा या पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाने तुमच्या होम फोल्डरमध्ये आणून टाकलेली, आणि एक तुम्हीच गेल्या वर्षी बिल्ड करून विसरून गेलेली.

मग एवढा खटाटोप करून सोर्समधून बिल्ड करायचंच कशाला? स्वतःच्या लॅपटॉपवर खरंच करू नये, एका कमांडने तयार पॅकेज मिळतं ते घ्यावं. क्लस्टरवर गोष्ट वेगळी. तिथे प्रशासकाचे अधिकार आपल्याकडे नसतात. ऑपरेटिंग सिस्टिम बरीच जुनी असते: सेंटओएस ७ या लिनक्सचा अधिकृत आधार जून २०२४ मध्ये संपला, आणि तिच्यासोबत येणारा कंपायलर जीसीसी ४.८.५ होता. एमपीआय त्या क्लस्टरच्या नेटवर्कसाठी खास बांधलेलं असतं. शिवाय डब्ल्यूआरएफसारखं फोरट्रान भाषेतलं हवामानाचं मॉडेल कंपाइल करतानाच बऱ्याच गोष्टी ठरवायला लावतं. पुण्यात तर सी-डॅक आहे, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. या शहरात मेकफाइलपुढे, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलपुढे, रात्र काढणारी माणसं कमी नाहीत.

आता मुद्द्यावर येऊ. एक लायब्ररी तीन वेगवेगळ्या वेळी मागितली जाते, तिन्ही वेळी मागणारा वेगळा असतो, आणि तिघेही आपापल्या ठिकाणी शोधतात. सगळी भांडणं इथून सुरू होतात.

पहिला मागणारा कंपायलर, कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा. त्याला खरं म्हणजे लायब्ररी लागतच नाही, लागते ती तिची हेडर फाइल. हेडरमध्ये काम नसतं, फक्त करार असतो: या नावाचं फंक्शन आहे, त्याला अमुक गोष्टी द्या, ते तमुक परत देईल, आणि आमची ही रचना मेमरीत एवढी जागा घेते. कमांडमध्ये मोठ्या आयच्या (-I) पर्यायाने सांगितलेली फोल्डरं तो आधी बघतो, मग नेहमीची. दुसरा मागणारा लिंकर, तयार तुकडे जोडून प्रोग्राम करणारा. तो खरी लायब्ररी उघडतो आणि तुमच्या कोडने वापरलेलं प्रत्येक नाव तिच्यात आहे ना, एवढंच पाहतो. त्याची फोल्डरं मोठ्या एलने (-L) सांगायची. तिसरा लोडर. प्रोग्राम चालवायला घेतला की मगच हा जागा होतो, आणि आधीच्या दोघांनी कुठे शोधलं होतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. प्रोग्राममध्ये त्याच्यासाठी फक्त एक चिठ्ठी असते: "लिबएचडीएफ५ डॉट एसओ डॉट १०३ हवी." बस. कुठली, कोणाच्या घरातली, काही नाही.

त्या १०३ कडे जरा नीट बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. तो लायब्ररीच्या आवृत्तीचा आकडा नाही. आतली रचना बाहेरच्यांना जाणवेल इतकी बदलली की तो वाढवायचा, असा संकेत. एचडीएफ५ ची १.१०.४ आणि १.१०.६ या दोन्ही १०३ च, १.१२ झाली तेव्हा तो २०० झाला. म्हणजे त्या मुलीच्या मशीनवर १.१० आणि १.१२ असा घोळ असता तर लोडरने "सापडत नाही" म्हणून सरळ हात वर केले असते आणि आम्ही अकरापर्यंत झोपलो असतो. दोघी १०३ निघाल्या म्हणून लोडरने मुकाट्याने पहिली दिसली ती उचलली.

हेडर एका आवृत्तीचं आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असली की नेमकं काय होतं? एसटीचं आरक्षण आठवा. तिकिटावर आसन क्रमांक छापलेला असतो, तो आरक्षणाच्या वेळी समोर असलेल्या बसच्या मांडणीवरून. ऐनवेळी डेपोने दुसऱ्या बांधणीची गाडी पाठवली. गाडीवर पाटी तीच, वेळ तीच, आणि ती सुटतेही. पण तुमचा खिडकीजवळचा एकवीस नंबर आता भलत्याच ठिकाणी आहे आणि तिथे कोणीतरी आधीच बसलंय. कंपाइल झालेला कोड हे ते तिकीट. "या रचनेतली तिसरी गोष्ट सोळाव्या बाइटवर आहे" हे त्यात पक्कं छापलं जातं. नव्या लायब्ररीत मध्येच एक जास्तीची गोष्ट घुसली असेल तर कोड सोळाव्या बाइटवर जाऊन भलतंच काहीतरी वाचतो. नशीब चांगलं असेल तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. नसेल तर तो चालत राहतो आणि तुमच्या पावसाच्या आकड्यांत कचरा लिहितो.

म्हणून मला एचडीएफ५ च्या त्या उद्धट निरोपाबद्दल आदरच आहे. कंपाइल करताना हेडरमधला आवृत्तीचा आकडा तुमच्या कोडमध्ये उतरतो, आणि प्रोग्राम सुरू झाल्यावर लायब्ररी तो आपल्या आकड्याशी ताडून पाहते. बहुतेक लायब्रऱ्या एवढेही कष्ट घेत नाहीत. हा इशारा बंद करायला एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (टर्मिनलमधून प्रोग्रामांना दिलेली सेटिंग) आहे, आणि ते लावा म्हणून सांगणारे भेटतातही. लावू नका. शोधनिबंधातल्या आकड्यांना कोणी शंका घेतली तर काय उत्तर देणार?

त्या रात्री मी तिला टर्मिनलचा फोटो पाठवायला सांगितला. ओळीच्या सुरुवातीलाच कंसात "बेस" लिहिलेलं, म्हणजे अ‍ॅनाकोंडा चालू. अ‍ॅनाकोंडा बसवताना "लॉगिन केल्यावर आपोआप सुरू करू का?" याला तिने कधीतरी हो म्हटलं असणार, आपण सगळेच म्हणतो. बिल्ड करायला तिने सीमेक वापरलं होतं. सीमेकची एक सवय अशी की कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या शेजारची लायब्रऱ्यांची आणि हेडरची फोल्डरंही ते चाचपून बघतं. यादीत सगळ्यात वर अ‍ॅनाकोंडा, त्यामुळे हेडरही तिथली आणि लिंकही तिथल्याच एचडीएफ५ शी.

मग टेस्ट पास कशा झाल्या? बिल्ड फोल्डरमधल्या प्रोग्रामांत सीमेक लायब्ररीचा पूर्ण पत्ता लिहून ठेवतं, म्हणून तिथे सगळं सुरळीत. पण इन्स्टॉल करताना, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तो पत्ता पुसून टाकतं. आणि जॉबच्या स्क्रिप्टमध्ये अ‍ॅनाकोंडा नव्हतं, होतं क्लस्टरचं एचडीएफ५ चं मोड्यूल (प्रशासकाने बसवलेली प्रत वापरात आणणारी सोय), १.१०.४ चं. चूक म्हणावी अशी कोणाचीच नव्हती. प्रत्येकाने आपापल्या नियमाने काम केलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. एरर आली प्रोग्राम चालवताना, म्हणून दोन दिवस ती जॉबची स्क्रिप्ट उलटसुलट करत बसली, आणि आग लागली होती कंपाइलच्या वेळी.

एरर कोणत्या वेळची आहे ते तिच्या भाषेवरून ओळखता येतं, आणि हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मा ताप उतरतो. "अशी फाइल किंवा फोल्डर नाही" आणि पुढे डॉट एच ने संपणारं नाव: कंपायलर बोलतोय, हेडर सापडलेलं नाही. "अमुक नावाचा संदर्भ कुठेच दिलेला नाही": लिंकर. लायब्ररी मिळाली नाही, किंवा मिळाली ती दुसरीच, किंवा डॉट ए वाल्या स्थिर लायब्रऱ्या (ज्या लिंक करतानाच प्रोग्राममध्ये मिसळतात) उलट्या क्रमाने दिल्या. तिथे मागणारी आधी आणि पुरवणारी नंतर लिहावी लागते, आणि लायब्ररीचं नाव सांगणारा लहान एल (-l) पुढे-मागे करून तासन् तास घालवलेल्यांत मीही आहे. "शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही": लोडर.

लोडरला तोंड उघडायला लावायचं तर एलडीडी ही कमांड. तयार प्रोग्राम तिच्यापुढे ठेवला की ती ओळीओळीने सांगते, ही लायब्ररी मी या पत्त्यावरून घेतली. सापडली नाही तर तसंही सांगते. पण ही कमांड जॉबच्या स्क्रिप्टमध्ये घालून चालवायची. लॉगिन केलेल्या टर्मिनलवर चालवलीत तर ती त्या टर्मिनलचं जग दाखवते, जॉबचं नाही. त्या मुलीने दोन्हीकडे चालवून निकाल शेजारी शेजारी ठेवले. एचडीएफ५ ची एकच ओळ वेगळी होती. एकीत तिचं होम फोल्डर, दुसरीत क्लस्टरचं.

तोवर तिने एक उपाय स्वतःच करून बघितला होता. एलडी लायब्ररी पाथ या व्हेरिएबलमध्ये अ‍ॅनाकोंडाच्या लायब्रऱ्यांचा पत्ता घातला. इशारा गेला, प्रोग्राम चालला. पण त्याच टर्मिनलवर कमांड घेणारं बॅश कुरकुरायला लागलं, की लिबटिन्फो लायब्ररीत आवृत्तीची माहितीच नाही, आणि दुसऱ्या मशीनवर नेणाऱ्या एसएसएचने ओपनएसएसएल लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही म्हणून दार लावून घेतलं. हे व्हेरिएबल एका प्रोग्रामपुरतं नसतं. त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या झाडून सगळ्या प्रोग्रामांना ते लागू होतं. एका पाहुण्याला वाट सापडावी म्हणून अख्ख्या गल्लीतल्या घरांचे नंबर बदलल्यासारखं. तपासापुरतं, एखाद्या कमांडच्या आधी लावायला ते उत्तम आहे. बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये ते कायमचं लिहून ठेवणं ही माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात महागडी सवय. सहा महिन्यांनी भलताच प्रोग्राम मोडतो आणि ती ओळ कोणाला आठवत नाही.

मग पत्ता सांगायचा कुठे? प्रोग्रामच्या आतच. लिंक करताना आरपाथ नावाचा पर्याय दिला की पत्ता प्रोग्राममध्ये कोरला जातो, आणि तो फक्त त्या प्रोग्रामपुरता राहतो. यात एक खोच आहे. आरपाथ दोन जातींचा असतो. जुन्या जातीचा पत्ता लोडर सगळ्यात आधी बघतो, अगदी एलडी लायब्ररी पाथच्याही आधी. नव्या जातीचं नाव रनपाथ, तो त्या व्हेरिएबलच्या नंतर बघितला जातो. उबंटूसारख्या सिस्टिमवर तुम्ही आरपाथ मागितलात तरी हाती रनपाथ पडतो. शिवाय रनपाथ फक्त थेट मागितलेल्या लायब्रऱ्यांना लागू होतो. त्या लायब्रऱ्या पुढे कोणाला मागतात त्याची काळजी तो घेत नाही. नेटसीडीएफ सापडते पण तिची एचडीएफ५ सापडत नाही, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. कोणता कोरला गेलाय ते रीडएल्फ ही कमांड दाखवते.

त्या रात्रीचा उपाय दहा मिनिटांत संपला. अ‍ॅनाकोंडा बंद केला. क्लस्टरचं मोड्यूल लोड केलं. सीमेकला एचडीएफ५ चा पत्ता नाव घेऊन सांगितला, इन्स्टॉल करताना तो पुसू नको असंही सांगितलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवून नवं केलं. सीमेक एकदा सापडलेला पत्ता आपल्या कॅशमध्ये लिहून ठेवतं, नंतर तुम्ही मोड्यूल बदला नाहीतर डोकं आपटा, ते जुनाच पत्ता वापरत राहतं. डब्ल्यूआरएफमध्येही तेच. साफसफाईच्या क्लीन कमांडला ए चा पर्याय दिला नाही तर आधीच्या बिल्डचे अवशेष मागे राहतात. त्याच मॉडेलचा आणखी एक हट्ट: नेटसीडीएफचा सी भाग आणि फोरट्रान भाग आता वेगवेगळे येतात, पण त्याला दोन्ही एकाच छताखाली हवे असतात. म्हणून लोक वेगळं फोल्डर करून त्यात दोघांच्या फाइलींकडे नेणाऱ्या लिंक (शॉर्टकट) जमवतात. दिसायला ओंगळ, पण चालतं.

याहून अवघड प्रकरण म्हणजे दोन्ही प्रती एकाच वेळी घरात येणं. तुमचा प्रोग्राम एक एचडीएफ५ मागतो आणि तो वापरत असलेली दुसरी एखादी लायब्ररी वेगळीच एचडीएफ५ सोबत घेऊन येते. लिनक्सवर सगळ्या लायब्रऱ्यांतली नावं सहसा एकाच सामायिक यादीत जातात, आणि एका नावाचे दोघे निघाले तर आधी आलेला जिंकतो. वाडीत तीन सुरेश पाटील असावेत आणि पोस्टमनने तिघांचीही पत्रं पहिल्याच घरात टाकावीत, तसं. इथे आरपाथ कामाला येत नाही. दोघांनाही एकाच एचडीएफ५ वर पुन्हा बिल्ड करणं हाच उपाय. म्हणूनच बिल्ड नेहमी तळातून वर करावं: आधी कंपायलर ठरवा, मग एमपीआय, मग झेडलिब, एचडीएफ५, नेटसीडीएफ आणि शेवटी मॉडेल. मध्येच खालचं काही बदललं तर वरचं सगळं पुन्हा. कंटाळवाणं आहे, खरंय.

एमपीआयचं भांडण मात्र वेगळ्या तऱ्हेने दिसतं. ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच ही एकाच प्रमाणकाची दोन रूपं. सोर्स कोड दोन्हींवर चालतो, पण कंपाइल केलेला प्रोग्राम सहसा एकावरून दुसऱ्यावर जात नाही. प्रोसेसांच्या गटाची ओळख एमपीआयसीएचमध्ये एक पूर्णांक असते, ओपन एमपीआयमध्ये मेमरीतला पत्ता. आता प्रोग्राम एकाचा आणि तो सुरू करणारी एमपीआयरन कमांड दुसऱ्याची असेल तर एररच येत नाही. सोळा प्रोसेस सुरू होतात, आणि सोळाही समजतात की आपण एकटेच आहोत, आपला नंबर शून्य. सोळा जण तेच गणित करतात आणि तीच फाइल लिहायला धावतात. लॉगमध्ये "एकूण प्रोसेस १" असं सोळा वेळा दिसलं की एमपीआयरन कुठून येतंय ते आधी बघा. अ‍ॅनाकोंडाही आपलं एमपीआयरन आणू शकतो, हे सांगायला नकोच.

फोरट्रान आणि सी++ मध्ये तर कंपायलर बदलला तरी भांडणाला पुरतं. फोरट्रानच्या मोड्यूलची (हे क्लस्टरचं मोड्यूल नव्हे, कोडचा एक भाग) डॉट मॉड फाइल ज्या कंपायलरने केली त्यालाच वाचता येते, इंटेलच्या कंपायलरची जीफोरट्रान या दुसऱ्या कंपायलरला कळत नाही. आणि सी++ मध्ये जीसीसी ५ ने, २०१५ साली, स्ट्रिंगची, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या प्रकाराची, आतली रचना बदलली. लिंकरच्या एररमध्ये कुठे "सीएक्सएक्स११" दिसलं तर एक भाग जुन्या रचनेचा आणि दुसरा नव्या रचनेचा आहे असं समजा. "जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.२९ नाही" ही तक्रार म्हणजे प्रोग्राम जीसीसी ११ किंवा त्यानंतरच्या कंपायलरने केलाय आणि लोडरला सी++ ची जुनी लायब्ररी सापडलीये.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेलं स्पॅक आहे, बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातून आलेलं ईझीबिल्ड आहे. स्पॅकची युक्ती मला आवडते. प्रत्येक बिल्ड कोणत्या कंपायलरने, कोणत्या लायब्रऱ्यांवर झालं त्याचा एक खुणेचा आकडा तयार करून ते आपापल्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि आरपाथ कोरून टाकतं. म्हणजे तीन सुरेश पाटील सुखाने नांदतात, कारण प्रत्येकाच्या पत्रावर घर नंबर आहे. किंमत अशी की साधी लायब्ररी मागितली तर ते कधी कधी तिच्या पणजोबांपासून बिल्ड सुरू करतं आणि होम फोल्डरची जागा भरून टाकतं. क्लस्टरवर आधीच असलेलं एमपीआय वापर, असं त्याला सुरुवातीलाच बजावून ठेवावं लागतं. मी नव्या मुलांना सांगतो, एकदा हाताने करा, दुसऱ्यांदा स्पॅकने.

तिचं मॉडेल त्या रात्री पावणेबाराला सुरू झालं. आता ती प्रत्येक बिल्डच्या फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवते. तिच्यात कंपायलरची आवृत्ती, लोड केलेल्या मोड्यूलांची यादी आणि जॉबमधून घेतलेला एलडीडीचा निकाल, एवढंच. फाइलचं नाव तिने ठेवलंय "कुठली".